‘छान आहे’ हा अभिप्राय नव्हे

मंडळी, आज थोडं कडू लिहिणार आहे. नातेवाइकांनी आणि ब्लॉगवाल्या मित्रांनी राग मानू नये. मानला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता चाळिशीची बाई आहे, पण मास्तरला ती पोरगीच. हातात स्वतःच्या कादंबरीचं बाड, अडीचशे पानांचं. आपल्या मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरचं एक कुटुंब दिवाळी झाली की पोटासाठी बाहेर पडतं, त्याची गोष्ट. म्हणाली, "सर, अकरा जणांना वाचायला दिली. सगळे छान म्हणतात. मग माझंच समाधान का होत नाही?"

कसं होणार? अकरापैकी नऊ जणांनी "अप्रतिम! लिहीत राहा" एवढंच कळवलं होतं. दहाव्याने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिले. अकराव्याने सल्ला दिला की नायिका आईला ‘याडी’ म्हणते ते पुण्या-मुंबईकडे कळणार नाही, सरळ ‘आई’ कर. आणि हो, शेवट गोड कर.

माझं मत स्पष्ट आहे. त्या नऊ जणांनी एक तर वाचलंच नाही, नाही तर भिडेपोटी तोंड मिटून घेतलं. कौतुक करायला पुस्तक छापून आल्यावर जन्म पडलाय. बाड हातात असतं तेवढाच काळ चूक दुरुस्त होऊ शकते, आणि नेमकं तेव्हाच आपण गोड बोलतो. ही माया नव्हे, हा आळस आहे.

अकराव्यावर मात्र जास्त राग आला. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. त्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात. ते संवाद धुऊन-पुसून कुणी पुस्तकी मराठीत बसवले असते, तर कौतिक कौतिक राहिली असती का?

पण हा राग अर्धा माझ्यावरच आहे. १९८६ च्या सुमारास दहावीतल्या एका मुलाने दोनशे पानी वही भरून कादंबरी लिहिली आणि भीत भीत मला दिली. मी लाल पेन घेऊन बसलो. ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘काहून’चं ‘का’ केलं, एकही पान सोडलं नाही. फार मोठं काम केल्याच्या थाटात वही परत दिली. त्याने नमस्कार केला, वही घेतली, आणि पुन्हा कधी काही दाखवलं नाही. आज बाजारात भेटला की "सर, चहा घ्या" म्हणतो. त्या वहीचं काय झालं हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तेव्हा कळलं नाही ते आता कळतं. परीक्षेच्या पेपरात बरोबर उत्तर मास्तरला माहीत असतं. कादंबरीचं उत्तर कुणालाच माहीत नसतं, लिहिणारा ते शोधत असतो.

‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकाच्या हस्तलिखितावर मनापासून कष्ट घेणारे संपादक. त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ साली तरुण लेखकांनी होळी केली. एकाच अभिरुचीची मोजपट्टी सगळ्यांना लावली जाते, असा त्यांचा आक्षेप होता. मला दोन्ही गोष्टींतून शिकायचं आहे. कष्ट त्यांच्यासारखे घ्यावेत, पण आपली आवड म्हणजे मोजपट्टी समजू नये.

म्हणून या वेळी आधी तिलाच विचारलं, "तुला नेमकं काय हवंय?" म्हणाली, "कुठं कंटाळा येते ते सांगा." पहिल्यांदा पेन न घेता वाचलं. दुसऱ्यांदा फक्त पान क्रमांक आणि मला काय झालं ते टिपलं. चाळीसाव्या पानावर बाड खाली ठेवलं ते दोन दिवस उचललं नाही. दोन भावांची सारखी गल्लत झाली. आजीच्या मरणाच्या पानावर डोळे भरून आले. मुकादम मात्र खरा वाटला नाही, नुसताच दुष्ट वाटला. उपाय एकही सुचवला नाही. शुद्धलेखनाला हात लावला नाही, ते सगळ्यात शेवटचं काम.

चार दिवस तिचा फोन नाही. मग आला. "सर, चाळीसावं पान मलेही खटकत होतं. पन मुकादम तसाच राहीन. आमी पाह्यला तो तसाच होता."

तिचं बरोबर असेल. कादंबरी तिची आहे. मला कुठं खटकलं एवढं सांगणं माझं काम होतं, ते झालं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी बाड घेऊन दारात आलं तर "वेळ नाही" म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण ठेवून घेतलंत तर वाचा, आणि कुठं थांबलात ते खरं सांगा. नुसतं ‘छान आहे’ म्हणून त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नका.