थर्मोस्टॅट काढू नये, बदलावा

ट्रॅक्टरचे इंजिन फाजील तापू लागले की थर्मोस्टॅट काढून टाकावा, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो वरवर सोयीचा, परंतु अंती नुकसानीचा आहे. थर्मोस्टॅटवाचून डिझेल इंजिन योग्य तपमानास उशिरा पोचते. इंधन पुरते जळत नाही, वंगणात मिसळते व सिलिंडरची झीज वाढते. संशयित थर्मोस्टॅट भांड्यातील पाण्यात टांगून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या, बहुधा ८२ सेल्सिअसच्या, सुमारास तो उघडू लागला पाहिजे. न उघडल्यास त्याच अंशाचा नवा, नव्या गॅस्केटसह, इंजिन थंड असताना बसवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावी. अल्प किमतीच्या भागासाठी इंजिनाचे आयुष्य घटविणे ही काटकसर नव्हे.