पहिल्या पदवीनंतरचे घड्याळ

अंबत्तूर हे चेन्नईच्या पश्चिमेकडचे उपनगर. १९६०च्या दशकात उभी राहिलेली मोठी औद्योगिक वसाहत, लेथ आणि प्रेसची लहान वर्कशॉप, कपडे शिवणारे कारखाने आणि आता त्यांच्या शेजारी आयटी पार्क. इथल्या तालुका कार्यालयाच्या अखत्यारीत एक दाखला मिळतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला तो अनोळखी वाटेल. त्याला तमिळमध्ये ‘मुदल पट्टदारी’ म्हणतात, म्हणजे पहिला पदवीधर. या मुलाच्या किंवा मुलीच्या घरात आजवर कुणीही पदवी घेतलेली नाही, असे महसूल खाते त्यात लिहून देते.

तमिळनाडू सरकारने २०१०-११ पासून या दाखल्यावर सवलत सुरू केली. एकखिडकी समुपदेशनातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या पहिल्या पदवीधराचे शिक्षणशुल्क सरकार भरते. त्यासाठी जात किंवा उत्पन्न पाहिले जात नाही. घरातल्या एकालाच हा लाभ मिळतो, थोरल्या बहिणीने घेतला की धाकट्या भावाला नाही. योजनेत अशा उणिवा आहेत. तरी तिने एक मोठी गोष्ट मान्य केली. घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेले नसणे ही स्वतंत्र अडचण आहे आणि तिची नोंद सरकारी कागदावर व्हायला हवी, ही ती गोष्ट.

या दाखल्याची मुदत मात्र पहिल्या पदवीपर्यंतच आहे, त्याचा अर्थच तसा आहे. पदवीचा कागद हातात आला की मुलगी सरकारी हिशेबात ‘पहिली’ राहत नाही. एम.ए.ला, एम.टेक.ला, पीएच.डी.ला ती इतरांसारखीच एक विद्यार्थिनी. घर मात्र त्या दिवशी बदललेले नसते. वडील त्याच शेडमध्ये पाळी करत असतात, भावाची फी थकलेली असते, आणि ‘आता नोकरीला कधी लागणार’ हा प्रश्न रोज जेवताना येतो. गाईड दोन महिने प्रकरण वाचत नसेल तर काय करायचे, हे सांगणारे घरात कुणी नसते. प्राध्यापकाच्या मुलाला हे घरीच कळते, आपल्याला कळते तेव्हा बहुधा कारणे दाखवा नोटीस आलेली असते.

म्हणून आज बोलायचे आहे ते प्रवेशानंतरच्या नियमांविषयी. हजेरी, किमान गुण, प्रगती अहवाल, मुदत यांवर विद्यार्थ्याचे नाव पटावर राहते किंवा निघून जाते. आरक्षणावर आपण भांडतो, कारण दार दिसते. या नियमांवर आपण क्वचितच बोलतो, आणि गळती मात्र इथेच होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.विषयीची सध्याची नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ची आहे. तिच्यानुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, म्हणजे एकूण आठ. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले विद्यार्थी यांना वर आणखी दोन वर्षांची सूट आहे. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के गुण नसतील तर पुढे जाता येत नाही. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर उभे राहून प्रगती मांडावी लागते.

अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांना या नियमावलीत पात्रतेच्या गुणांत पाच टक्क्यांची सवलत आहे. ती प्रवेशाच्या दारात मिळते. वेळेत मात्र सवलत नाही. महिलांच्या बाबतीत नियमावलीने मान्य केले आहे की घरातल्या जबाबदाऱ्या संशोधनाचा वेळ खातात. गरिबीही वेळ खाते, जातही खाते. हे अजून कुठल्या कलमात लिहिलेले नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. हे घड्याळ एकाच बाजूला चालते. विद्यार्थ्याने सहा वर्षांत प्रबंध दिला नाही तर नोंदणी धोक्यात येते. प्रबंध दिल्यावर तोंडी परीक्षेसह सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी, असे हीच नियमावली विद्यापीठालाही सांगते. पण त्याला वर्ष लागले म्हणून परीक्षा विभागातल्या कुणाचे नाव पटावरून कमी होत नाही. समितीची बैठक लांबली, गाईड बदलून गेला, फेलोशिपची फाईल अडकली, तरी दिवस विद्यार्थ्याच्याच खात्यातून वजा होतात.

फेलोशिपचा हिशेब पाहा. यूजीसीची जेआरएफ आणि अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. मुदत सहा वर्षांची, फेरनोंदणी धरून आठ. म्हणजे नियमाने दिलेली शेवटची एक ते तीन वर्षे पैशाविना काढायची. ज्याच्या घरी पेन्शन आहे, शहरात फ्लॅट आहे, त्याला ती वर्षे मिळतात. बाकीच्यांना ती फक्त कागदावर मिळतात. आणि पहिली पाच वर्षेही वेळेवर मिळतात असे नाही. महाराष्ट्रात बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. त्या काळात त्यांच्या संशोधनाचे महिने कुणी थांबवून ठेवले नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत विचारले होते की पीएच.डी. करून काय दिवे लावणार. मुदत कोण खातो, याचे उत्तर त्या प्रश्नातच होते.

रोहित वेमुला हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करत होता. जुलै २०१५ पासून त्याची फेलोशिप थांबली. १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला, तेव्हा सात महिन्यांचे १ लाख ७५ हजार रुपये येणे होते. त्याच्या मृत्यूविषयी खूप लिहिले गेले आहे. या सात महिन्यांची गोष्ट मात्र प्रशासनाच्या भाषेत ‘विलंब’ एवढ्या एका शब्दात बसते.

‘गुण कमी पडले, म्हणून नाव काढले’ हे वाक्य वरवर जातिनिरपेक्ष दिसते. २०१५ च्या उन्हाळ्यात आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षाच्या ७० हून अधिक विद्यार्थ्यांना कमी सीजीपीएवरून काढून टाकले. त्यातले बहुसंख्य राखीव प्रवर्गांतले होते. विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले, तिथे दिलासा मिळाला नाही. नंतर गदारोळ झाला आणि संस्थेच्याच सिनेटने त्यांना पहिले वर्ष पुन्हा करण्याची संधी दिली. ते पदवीचे विद्यार्थी होते, पण धडा सगळ्यांसाठी आहे. जो नियम काल अटळ होता तो काही दिवसांत शिथिल करता आला. दुसरी संधी देण्याची सोय संस्थेकडे आधीपासून होती, ती वापरायची इच्छा नव्हती.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत आकडे दिले. त्याआधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएममधून एससी, एसटी आणि ओबीसी मिळून १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. सरकारचे म्हणणे होते की विद्यार्थ्यांसमोर अनेक पर्याय असतात आणि ते संस्था किंवा अभ्यासक्रम बदलतात. असेल. पण यांतले किती जण स्वतःहून गेले, कितींची नोंदणी रद्द झाली आणि किती जण फेलोशिप थांबल्यावर निघून गेले, ही वर्गवारी त्या आकड्यात नव्हती. ती असल्याशिवाय ‘पर्याय’ हा शब्द वापरणे सोयीचे आहे, खरे नाही.

आता एका विद्यार्थ्याची नोंद पाहू. १९१३ मध्ये तो बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्याला परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्याने पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये तो पुन्हा लंडनला गेला. त्याचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. डी.एस्सी. मिळाली १९२३ च्या अखेरीस. कोलंबियात प्रबंधाच्या छापील प्रती जमा केल्याशिवाय पीएच.डी. बहाल होत नसे. त्यासाठी पुस्तक छापून व्हावे लागले, आणि ती पदवी हाती आली १९२७ मध्ये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा हा प्रवास आपण जिद्दीची कथा म्हणून सांगतो. ती जिद्द आहेच. पण त्यात एक नियमही आहे, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. १९१७ मध्ये लंडन सोडताना विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली होती. पैसे संपले म्हणून त्यांचे नाव काढले गेले नाही, जागा राखून ठेवली गेली. ही परवानगी नसती तर एवढ्या जिद्दीला परत जायला दार उरले नसते. लंडनच्या प्रवेशापासून डी.एस्सी.पर्यंत सात वर्षे लागली, कोलंबियाच्या प्रवेशापासून पीएच.डी.पर्यंत चौदा. आजच्या सहा वर्षांच्या चौकटीत यांतले काहीच बसत नाही.

मुदतच नको, असे आमचे म्हणणे नाही. मुदत नसलेल्या पीएच.डी.त विद्यार्थी वर्षानुवर्षे गाईडची कामे करत राहतो, हे आपण पाहिले आहे. मुदत विद्यार्थ्याचेही संरक्षण करते. दर्जाही हवा, कारण कमअस्सल पदवीचा डाग सगळ्यात आधी आपल्यालाच चिकटवला जातो. मागणी एवढीच की हिशेब दोन्ही बाजूंनी व्हावा.

त्यासाठी चार गोष्टी विद्यापीठांनी आपल्या अध्यादेशांत लिहिल्या पाहिजेत. फेलोशिप थकलेले, गाईड नसलेले किंवा समिती न भरलेले महिने मुदतीत धरू नयेत. पैशाअभावी थांबावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला नोंदणी न गमावता रजेवर जाता यावे. फेरनोंदणीच्या काळात फी माफ असावी आणि वसतिगृहाची खोली कायम राहावी. आणि दरवर्षी किती नोंदण्या कोणत्या कारणाने रद्द झाल्या, हे प्रवर्गनिहाय जाहीर व्हावे. यातल्या एकाही गोष्टीने प्रबंधाचा दर्जा कमी होत नाही.

हे होईपर्यंत आहेत ते नियम आपल्या बाजूने वापरायला शिकले पाहिजे. २०२२ च्या नियमावलीनुसार प्रगती असमाधानकारक वाटली तर सल्लागार समितीने कारणे नोंदवली पाहिजेत आणि सुधारणेचे उपाय सुचवले पाहिजेत. ते उपाय विद्यार्थ्याने केले नाहीत, तरच समिती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते, तीही नेमकी कारणे देऊन. ‘सरांनी तोंडी सांगितले’ यावर नोंदणी रद्द होत नाही. म्हणून प्रवेश मिळाल्याच्या आठवड्यात आपल्या विद्यापीठाचा पीएच.डी. अध्यादेश मिळवा आणि वाचा. प्रकरण गाईडला दिले की त्याच दिवशी तारखेसह ईमेल करा. अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. समितीच्या इतिवृत्ताची प्रत मागा. फेलोशिप थकली तर किती तारखेपासून थकली, हे विभागाला आणि एससी-एसटी कक्षाला लेखी कळवा. वेळ आली की हेच कागद दाखवतात की दिवस कुणी घालवले.

आणि हे एकट्याने करू नका. आपल्या आधी त्या विभागात गेलेला एक तरी विद्यार्थी शोधा, आपल्या मागून येणाऱ्या एकाला तरी हे सगळे सांगा. पहिल्या पदवीधराचा दाखला घरातल्या एकालाच मिळतो. नियमांची माहिती कितीही जणांना देता येते, आणि त्यासाठी कुणाच्या सहीची गरज लागत नाही.