किचन, बॉक्स नंबर सात

फराळाची सगळी तयारी झाली आणि लक्षात आलं, सोऱ्या नाहीये!

नोव्हेंबर २०२४मध्ये, दिवाळी आटोपल्या आटोपल्या, कांजूर पूर्वेची आमची चार मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने भाडं दिलं, शिफ्टिंगचा खर्च दिला, आम्ही भांडुपला गेलो. अकरा महिन्यांचा करार. (अकराच का, माहितीये? १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षभराहून मोठ्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून ही जुनी पळवाट. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक कराराची नोंदणी सक्तीची केली, पण अकराची सवय काही सुटत नाही.) अकरा महिने भरले ऐन दिवाळीच्या तोंडावर. मालकांना घर हवं होतं. मग पुन्हा टेम्पो, पुन्हा बॉक्स, आणि आम्ही कांजूर पश्चिमेला, बाविसाव्या मजल्यावर. म्हणजे रुळांच्या पलीकडे. जन्मभर पूर्वेला राहिलेल्या बाबांसाठी हे परगावच!

मधल्या काळात मी हैदराबादच्या प्रोजेक्टवर. भांडुपचं घर लहान, म्हणून बाबा तीन महिने दादाकडे पुण्याला. आई नाशिकला, मावशीच्या ऑपरेशनसाठी. आम्ही चौघं एकत्र शेवटचे कधी जेवलो, हे बघायला मला मोबाइलमधलं कॅलेंडर उघडावं लागलं.

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. दादा आदल्या रात्री आला होता. उटणं होतं, कारीट होतं, मोती साबण होता. कंदील मात्र पिशवीतच.

‘‘भाड्याच्या घराला कशाला?’’ बाबा म्हणाले. ‘‘आपल्या घरी गेलो की लावू.’’

आपलं घर व्हायला अजून तीन वर्षं तरी आहेत. आई काहीच बोलली नाही. ती बॉक्स मोजत होती. किचन सहा आहे, किचन आठ आहे, सात नाही. सोऱ्या वर्षातून एकदाच लागतो, त्यामुळे अकरा महिने कुणाला पत्ताच नव्हता. विकतची चकली आईच्या तत्त्वात बसत नाही. सबब, चकलीविना फराळ.

आणि तो तरी द्यायचा कुणाला? जुन्या बिल्डिंगमध्ये सोळा घरं. क्रोशाच्या रुमालाखाली ताट घेऊन जिना चढायचा, तेच ताट दुसऱ्याच्या फराळाने भरून परत यायचं. रिकामं ताट परत पाठवायचं नाही, हा अलिखित कायदा. इथे लिफ्टमध्ये सगळे मोबाइलकडे बघतात. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

पाडव्याला सकाळी बाबांनी पिशवी भरली. ‘‘चल, स्लो पकडू.’’ ओझं वाहायला मी! पहिल्या मजल्याचे आजोबा आता मुलुंडला, त्यांच्या शेजारचे ऐरोलीला, तिसऱ्या मजल्याच्या काकू डोंबिवलीला. मुलुंड झालं, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली झालं, परत ठाणं आणि डोंबिवली. एका जिन्याचा फराळ वाटायला अख्खा दिवस!

काकूंनी दार उघडलं आणि आधी चकल्यांची बशीच पुढे केली.

‘‘तुमच्याच सोऱ्याच्या आहेत हो!’’

दोन्ही घरांचं सामान एका दिवशी निघालं होतं, त्यात हा बॉक्स त्यांच्या टेम्पोत गेला. वर माझंच अक्षर : किचन ७.

‘‘अहो, फोन तरी करायचा!’’ बाबा म्हणाले.

‘‘दसऱ्याला माळा आवरताना मिळाला. म्हटलं, फोन केला की तुम्ही कुणाला तरी पाठवून न्याल. दिवाळीत फराळ घेऊन स्वतः याल ना!’’

बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले.

परतीच्या गाडीत बॉक्स मांडीवर. रात्री घरी पोचल्यावर त्यांनी पिशवीतून कंदील काढला आणि एक्स्टेन्शन बोर्ड मागितला. तो कुठल्या बॉक्समध्ये आहे, देव जाणे.