माणगावची नोंद कोण लिहिणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट गाजत असताना छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या विकिपीडियावरील मजकुरावरून वादंग उठले. महाराष्ट्र सायबर विभागाने मजकूर काढण्याची नोटीस धाडली, पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. लिहिलेले खटकले तर पोलीस धावतात, हे दिसले. पण आपला जो इतिहास लिहिलाच गेला नाही, त्याची फिर्याद कोणत्या ठाण्यात द्यायची?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे लिहिणाऱ्याला कुणी नेमत नाही, जात-शिक्षण विचारत नाही. प्रचालकही बिनपगारीच. तरीही आपला कार्यकर्ता तिथे बहुधा वाचकच राहतो.

कागल पंचतारांकित एमआयडीसी कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरली आहे. पाळी सुटली की मोटारसायकलींची रीघ लागते, आणि प्रत्येक खिशात मोबाईल असतो. याच हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी तिथे बहिष्कृत वर्गाची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजाला त्याचा खरा पुढारी दाखवून दिला. तेव्हा हे गाव कागल जहागिरीत होते. रायगड जिल्ह्यातही माणगाव आहे, कुडाळ तालुक्यातही आहे. त्यामुळे लेखातला दुवा नेमका कोणत्या माणगावाकडे जातो, हे तपासणे हेही संपादनच आहे.

समजा, इथल्या एखाद्या तरुण कामगाराने रात्रपाळीनंतर परिषदेवर चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर दोन ओळी गायब, उरलेल्यांना 'संदर्भ हवा' अशी शेपटी! तो म्हणणार, हा मनुवाद्यांचा डाव आहे. असेलही, आकस कुठे नसतो? पण आधी पानाचा 'इतिहास' उघडावा. कोणी, केव्हा, काय काढले आणि कारण काय दिले, ते तिथे ओळीने नोंदलेले असते. मग 'चर्चा' पानावर पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक टाकून उत्तर मागावे. तोच मजकूर रागाने पुन्हा पुन्हा डकवणाऱ्याला लिहिण्यापासून रोखले जाते, आणि मैदान दुसऱ्याला मोकळे होते. पुरावे आपल्याकडे आहेत. 'मूकनायक'चे १९२० चे अंक आहेत, शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड आहेत, खैरमोडे यांचे चरित्र आहे, जयसिंगराव पवार संपादित राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ आहे.

'महामानव', 'विश्वरत्न' ही विशेषणे तटस्थतेच्या नियमाने कापली जातात. मनाला लागते, हे खरे. पण तीच कात्री प्रस्थापितांच्या विशेषणांवरही चालवता येते, हे आपण विसरतो. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, हे संदर्भासह लिहिले की विशेषणाची गरज उरत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. 'मूळ संशोधन नको' या नियमामुळे आजीच्या तोंडची आठवण, जलशातली हकिकत तिथे चालत नाही. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणी येऊ दिली नाही, त्यांच्याकडेच छापील पुरावा मागायचा, हा अन्यायच आहे. त्यावर उपाय नियम मोडण्याचा नाही, छापण्याचा आहे. जयंतीच्या स्मरणिकेत नुसत्या शुभेच्छांच्या जाहिराती न भरता वृद्धांच्या मुलाखती घ्याव्यात; तारीख, प्रकाशक, पृष्ठ क्रमांक घालून दोन प्रती ग्रंथालयात द्याव्यात. स्मरणिकेपेक्षा नावाजलेल्या प्रकाशकाचे पुस्तक किंवा वृत्तपत्र तिथे अधिक ग्राह्य धरतात, म्हणून त्याच मुलाखती दैनिकांकडेही पाठवाव्यात.

आणखी एक पथ्य. आपण ज्या कारखान्यात आहोत, ज्या संघटनेचे पदाधिकारी आहोत, त्यावर लिहिताना ते नाते चर्चा पानावर उघड करावे. साहेबांचा आणि नेत्याचा गौरव तिथे नको.

नवख्याने आधी 'धूळपाटी'वर हात साफ करावा. तेही जड वाटले तर छायाचित्र काढावे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेबांच्या हयातीतच, जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने उभे राहिले. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घ्यायला आपला कायदा आडकाठी करत नाही. स्वतःच्या मोबाईलने काढलेले चित्र कॉमन्सवर चढवायला रविवारची एक सकाळ पुरते.