आपलेच नाणे ठरले परके!

चंद्रपूर, प्रतिनिधी : सुट्या पैशांत एखादे परदेशी नाणे निघाले, तर दुकानदार ते परत करतो. त्यात वावगे काही नाही. त्या नाण्याला येथे चलनाचा दर्जा नाही. मात्र भारत सरकारच्याच टांकसाळीत पाडलेल्या दहा रुपयांच्या नाण्यालाही विदर्भातील अनेक बाजारपेठांत हीच वागणूक मिळत आली आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा प्रश्न केवळ गैरसोयीपुरता मर्यादित राहत नाही.

युरोपात २००२ मध्ये युरोची नाणी व्यवहारात आली, तेव्हा थायलंडचे दहा बाहतचे नाणे दोन युरोच्या नाण्याशी मिळतेजुळते असल्याने काही विक्रीयंत्रे फसली. तेथे परके नाणे आपले म्हणून खपले. येथे आपले नाणे परके ठरले. कारण त्याची बदलती रूपे. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले; त्यामुळे चिन्ह असलेली आणि नसलेली अशी दोन्ही नाणी फिरू लागली. कडेच्या रेषा दहा की पंधरा, यावरूनही खऱ्या-खोट्याच्या अफवा उठल्या.

नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने पैशावरील विश्वास आधीच डळमळीत झाला होता. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेला या नाण्यांबाबत खुलासा करावा लागला. पुढे १७ जानेवारी २०१८ रोजी, तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी वैध असल्याचे बँकेने पुन्हा स्पष्ट केले. नाणे कायदा, २०११ नुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत.

मग अडते कुठे? ग्राहक घेणार नाही म्हणून दुकानदार नाकारतो आणि दुकानदार घेणार नाही म्हणून ग्राहक. नाणे खोटे आहे असे दोघांनाही वाटत असेलच असे नाही; ते पुढे चालणार नाही, एवढी भीती पुरते. या साखळीत शेवटच्या माणसाच्या हाती नाणे अडकते. शहरातील ग्राहक मोबाइलवरून पैसे देऊन मोकळा होतो. भामरागड, एटापल्लीकडील आठवडी बाजारात मोहफूल वा चारोळी विकणाऱ्याला ती सोय सहज नसते. बँकेची शाखा गाठायची, तर एक दिवसाची मजुरी बुडते. तेथे दहा रुपयांचे नाणे नाकारणे म्हणजे त्याच्या श्रमाचे मोल नाकारणे होय.

बँकांनी नाणी नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. परंतु परिपत्रक बाजारापर्यंत चालत जात नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी नाणी स्वीकारण्याची व बदलून देण्याची सोय तेथेच झाली आणि हा खुलासा गोंडी, माडियातही पोहोचला, तर अफवेला उत्तर मिळेल. नाण्यावर राजमुद्रा असते. तिच्यावरील विश्वास जपण्याची जबाबदारीही शासनाचीच आहे.