अंबरनाथहून उलट दिशेने

अंबरनाथच्या फलाटावर सकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले असता एक दृश्य हटकून नजरेस पडते. मुंबईस जावयाचे असलेले काही विद्यार्थी मुंबईच्या गाडीकडे पाठ फिरवून बदलापूरकडे जाणाऱ्या गाडीत चढतात, तेथून सुटणाऱ्या लोकलमध्ये जागा धरतात, आणि अर्ध्या तासापूर्वी जेथून निघाले त्याच फलाटावरून, आता मात्र बसून व मांडीवर पुस्तक उघडून, मुंबईकडे मार्गस्थ होतात. नवख्यास हा वेळेचा निव्वळ अपव्यय वाटेल. माझ्या मते विद्यार्थिदशेतील कालव्यवस्थेचा इतका शहाणा नमुना क्वचितच आढळेल.

वेळेच्या नियोजनावर व्याख्याने झोडणारी मंडळी विद्यार्थ्यापुढे चोवीस तासांचे कोरे पान ठेवतात आणि त्यावर रकाने आखावयास सांगतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील मुलामुलींच्या पानावर रेल्वेने आपला शेरा आधीच मारून ठेवलेला असतो. बदलापूरपासून बोरीबंदर ६८ किलोमीटर. जाण्यास सुमारे दीड तास व येण्यास तितकाच धरला, तर आठवड्याच्या सहा दिवसांत अठरा तास होतात, आणि वर्षातून तीस आठवडे वर्ग भरतात असे मानले तर ५४० तास, म्हणजे साडेबावीस अहोरात्र. ही रक्कम ना कोणाच्या रोजकीर्दीत चढते, ना खतावणीत. विद्यापीठाचा ७५ टक्के हजेरीचा दंडक वर्गातील तास मोजतो. ते गाठण्यासाठी दारात लोंबकळत काढलेल्या तासांची दप्तरी नोंद कोठेच नसते.

रेल्वे आणि घड्याळ यांचे नाते तसे जुनेच. कल्याणपर्यंत रूळ आले ते १८५४ साली. पुढे १९०६ च्या जानेवारीपासून सरकारने देशासाठी एक प्रमाणवेळ ठरवली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असणारी आपली स्थानिक वेळ मुंबईच्या नगरपालिकेने कित्येक दशके हट्टाने सांभाळली. आमच्या विद्यार्थ्यास तो हट्ट परवडणारा नाही. त्याची गाडी तीन मिनिटांनी चुकली तर पहिला तास बुडतो.

म्हणूनच त्या उलट प्रवासाचे मोल. अर्धा तास जाणूनबुजून खर्ची घालून तो पुढचा सव्वा-दीड तास वाचनायोग्य करून घेतो, आणि त्यासाठी पासही बदलापूरपासूनचा काढतो, कारण पासाच्या हद्दीबाहेर सापडल्यास दंड ठरलेलाच. मिनिटे वाचवणे आणि वेळ कामी आणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यास कोणी शिकवलेले नसते.

परंतु सर्वांच्याच वाट्यास एवढी निवड येत नाही. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात आजही कित्येक मुले दुपारनंतर दुकानाच्या गल्ल्यावर बसतात; अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून परीक्षा देणारेही आहेत. त्यांना ‘अभ्यासास अग्रक्रम द्या’ असे सांगणे म्हणजे ज्या घराच्या मिळकतीवर तो अभ्यास चालतो त्या घराकडेच काणाडोळा करण्याचा उपदेश होय.

माझे गाऱ्हाणे आहे ते पालकांविषयी. उल्हासनगरात चांदीबाई महाविद्यालय १९६५ पासून उभे आहे, बदलापुरातही महाविद्यालय आहे. तरीही कला किंवा वाणिज्य शाखेच्या साध्या पदवीसाठी मुंबईचेच नाव हवे, असा घराघरांतून आग्रह असतो. एखादा विषय जवळपास शिकवलाच जात नसेल तर जरूर जावे, एरवी नावासाठी वर्षास ५४० तास मोजणे हा महागडा सौदा आहे. नगरपालिकांनीही पहाटे पाचपासून रात्री उशिरापर्यंत उघड्या राहतील अशा अभ्यासिका चालवाव्यात. दोन खोल्यांच्या घरात दूरचित्रवाणी चालू असताना अग्रक्रम ठरवून तरी मुलाने बसावे कोठे?

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत बहुधा पुस्तक उघडले जात नाही. दादरहून घुसलेल्या गर्दीत आमचा विद्यार्थी चौथ्या सीटच्या कडेवर कसाबसा टेकतो आणि कल्याण येण्यापूर्वीच पेंगू लागतो. त्या झोपेबद्दल त्यास कोणी बोल लावू नये.