फॉर्म तुम्ही तपासलेत, करार कोण तपासणार?

निवडणुका तोंडावर आल्या की कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. ‘घरबसल्या काम. सर्व्हे क्यूसी. मराठी उत्तम हवं. लॅपटॉप, हेडफोन स्वतःचे. इंटरेस्टेड असाल तर डीएम करा.’ महापालिकांच्या निवडणुका जानेवारीत आटोपल्या, तरी हे मेसेज काही थांबलेले नाहीत. कारण सर्व्हे फक्त मतांचे नसतात. साबणाचे असतात, मोबाइल रिचार्जचे असतात, सरकारी योजनेचा हप्ता खरंच मिळाला का याचेही असतात. आणि प्रत्येक सर्व्हेमागे, घरात बसून तो तपासणारं कुणीतरी लागतंच.

मी टीवायला असताना हे काम चार महिने केलंय. काम ऐकायला सोपं आहे. गावात फिरणारा सर्वेक्षक टॅबवर प्रश्न विचारतो, उत्तरं भरतो, मुलाखतीचं रेकॉर्डिंग वर जातं. तुम्ही ते ऐकायचं. प्रश्न जसा लिहिलाय तसाच विचारला का, उत्तर तेच भरलं का, हे बघायचं. काही फॉर्मसाठी त्या माणसाला परत फोन करून विचारायचं, ‘काका, तुमच्याकडे खरंच कुणी आलं होतं का?’ याला बॅक-चेक म्हणतात. एकाच आवाजात तीन ‘वेगवेगळे’ शेतकरी बोलताना मी ऐकलेत. पाठीमागे तोच कोंबडा आरवत होता. म्हणजे साहेबांनी एका पारावर बसून तिन्ही फॉर्म भरले होते!

ते पकडल्याचा आनंद मला पैसे येईपर्यंत टिकला. करारात एक ओळ होती, जी मी वाचली होती पण मला कळली नव्हती: मोबदला ‘मंजूर फॉर्म’ प्रमाणे. मी बाद केलेले फॉर्म मंजूर नव्हते. त्यामुळे खोटेपणा पकडायला ज्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला, त्या फॉर्मांचे मला शून्य रुपये मिळाले. जे डोळे झाकून पास केले असते, त्यांचे मात्र पूर्ण मिळाले असते.

यात फक्त माझ्या खिशाचा प्रश्न नाहीये. तपासणाऱ्याला फक्त पास केल्याचे पैसे मिळत असतील, तर तो पासच करणार ना? आणि मग ‘इतके टक्के लोक म्हणतात’ अशी बातमी जेव्हा आपण वाचतो, तिच्या मुळाशी हा हिशेब असतो. म्हणून करार हातात आला की सगळ्यात आधी हे बघा: पैसे तपासलेल्या फॉर्मचे आहेत की मंजूर झालेल्या? ‘तपासलेल्या’ असं लिहून घ्या. नुसतं तोंडी ‘हो हो, सगळ्यांचे देतो’ चालणार नाही.

दुसरं, दर. दर फॉर्मला १५ रुपये ऐकून बरे वाटतात. समजा, रेकॉर्डिंग २० मिनिटांचं आहे आणि शीट भरायला ५ मिनिटं लागतात. मग तासाला दोन-अडीच फॉर्म, म्हणजे साधारण ३६ रुपये. तेवढ्यात चहा आणि वडापाव येईल, बस. फोनवरच्या तपासणीत तर अजून गंमत असते. लोक उचलत नाहीत. तीन वेळा, तीन वेगवेगळ्या वेळी फोन करायचा नियम असतो आणि शेवटी ‘संपर्क झाला नाही’ असं लिहायचं. त्या तीन फोनचे पैसे आहेत का? रिचार्ज कुणाचा? हो म्हणण्याआधी पाच फॉर्म नमुन्यादाखल मागा, घड्याळ लावून करा, आणि तासाचा दर स्वतः काढा. नमुना फुकट करून घेतात तो पाच-सहाच फॉर्मचा असावा. पन्नास फॉर्मची ‘ट्रायल’ म्हणजे ट्रायल नव्हे, फुकट काम आहे.

‘पण माझा करारच नाहीये, फक्त मेल आहे,’ असं मला आमच्या बॅचमधली एक मैत्रीण म्हणाली. मेलसुद्धा करारच आहे. आपला करार कायदा १८७२चा आहे, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायदाही सांगतो. त्यामुळे फोनवर ठरलं की लगेच एक मेल टाकायची सवय लावा: ‘आपल्या बोलण्यानुसार दर इतका, तपासलेल्या प्रत्येक फॉर्मला, पैसे पुढच्या महिन्याच्या अमुक तारखेला.’ समोरच्याने नुसतं ‘ओके’ लिहिलं तरी तुमच्या हातात काहीतरी राहतं. आणि शीटची लिंक ही पुरावा नसते, बरं का. काम संपलं की पहिल्या दिवशी तुमचा अॅक्सेस काढतात. तुमची दिवसाची संख्या रोज मेलने पाठवून ठेवा. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून किती फॉर्म केले यावर वाद झाला आणि मी हरले.

मात्र पुरावा ठेवायचा म्हणून लोकांचे फोन नंबर आणि रेकॉर्डिंग स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवू नका. तो डेटा ना तुमचा आहे ना एजन्सीचा, तो त्या काकांचा आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. तुमच्या पुराव्यासाठी फॉर्मची संख्या, तारीख आणि फॉर्म क्रमांक पुरेसा आहे.

आता दंडाचं कलम. ‘अचूकता ९० टक्क्यांच्या खाली गेल्यास उमेदवार इतके हजार देणे लागेल.’ हे वाचून पोटात गोळा येतो. पण करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, तो आपोआप मिळत नाही. तसंच ‘सोडून गेल्यावर दोन वर्षं दुसऱ्या एजन्सीत काम करायचं नाही’ या अटीला कलम २७ आडवं येतं. काम सोडल्यानंतर पोट भरण्यापासून रोखणारा करार आपल्याकडे साधारणपणे टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते, ती पाळा.

याच दंडाच्या कलमावर एक अख्खा धंदा उभा आहे. डेटा एन्ट्रीच्या नावाने वर्षानुवर्षं चाललेला हा प्रकार आता ‘सर्व्हे तपासणी’ असं नाव लावूनही येऊ शकतो. तुमच्याकडून आधार, पॅन, सही घेतात. पाच दिवसांत अशक्य तेवढे फॉर्म देतात. मग ‘अचूकता कमी आली, करारभंग झाला’ म्हणत एका ‘वकिला’ची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवतात. इतके हजार भरा नाहीतर केस. मुलं घाबरून, घरी न सांगता, मित्रांकडून उसने घेऊन भरतात. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. एकदा भरलेत की दुसरी मागणी येतेच. अशा वेळी पैसे पाठवायचे नाहीत, चॅट पुसायचे नाहीत, १९३० वर फोन करायचा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची. आणि नोटीस खरी वाटली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७च्या कायद्याप्रमाणे मुलींना तिथे उत्पन्न न बघता मोफत सल्ला मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनाही. सुरुवातीलाच ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

यावर कुणी म्हणेल, आता नवे कामगार कायदे आलेत ना? आलेत. चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग वर्कर’ हा शब्द पहिल्यांदा कायद्यात बसला. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात देशात २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख लोक असल्याचा अंदाज होता, २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं होतं. पण या आकड्यांत आपण मनात धरतो तो डिलिव्हरी बॉय. संहितेत निधीसाठी पैसे द्यायचेत ते ‘अॅग्रिगेटर’ने, म्हणजे ग्राहक आणि सेवा देणारा यांना जोडणाऱ्या डिजिटल मंचाने, वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के. शीटवर फॉर्म वाटणारी सर्व्हे एजन्सी असा मंच ठरते का? मला तरी तसं वाटत नाही. ती तुमचं काम स्वतःच विकत घेते. आणि ठरली तरी मिळणार ती सामाजिक सुरक्षा, म्हणजे विमा वगैरे. फॉर्मला किमान इतके रुपये द्या, असं ही संहिता सांगत नाही. ई-श्रमवर नोंद करून ठेवायला हरकत नाही, पण थकलेले पैसे तिथून निघणार नाहीत.

ते दुसरीकडून निघू शकतात, आणि हे मला पैसे अडकल्यावर कळलं. तुम्ही सेवा विकताय, म्हणजे कायद्याच्या नजरेत एक चिमुकला व्यवसाय आहात. आधार आणि पॅनवर ‘उद्यम’ नोंदणी होते, सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे. शोधल्यावर आधी पैसे मागणाऱ्या खासगी साइट दिसतात, त्या टाळा. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करारात ९० दिवस लिहिले असले तरीही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तोही चक्रवाढ व्याज. न दिल्यास सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. आता तीन हजारांसाठी परिषदेत कोण जाणार, हा प्रश्न रास्त आहे. पण आठवणीच्या मेलमध्ये उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवस’ हे दोन शब्द टाकले की अकाउंट्सवाल्यांचा सूर बदलतो. अट एकच, नोंदणी काम करण्याआधीची हवी आणि तुम्ही तारखेसह बिल दिलेलं हवं.

शेवटी टॅक्स, ज्याला सगळे उगाच घाबरतात. तुमचं काम नोकरी म्हणून नसेल, तर एजन्सी टीडीएस कापू शकते. ‘प्रोफेशनल फी’ म्हणून दाखवलं तर १० टक्के, ‘कंत्राट’ म्हणून दाखवलं तर व्यक्तीसाठी १ टक्का. २०२५-२६ पासून फीची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे. कंत्राटाची एका वेळी ३० हजार किंवा वर्षात एकूण एक लाख. म्हणजे वर्षभरात ६० हजार मिळाले आणि फी म्हणून दाखवले, तर ६ हजार कापले जाणार. पॅन दिला नाहीत तर २० टक्के, म्हणजे १२ हजार. ‘कशाला पॅन द्यायचा, टॅक्स लागेल’ म्हणणाऱ्या मित्राला हा हिशेब दाखवा. बँकेत एफडीसाठी भरतो तो फॉर्म या पैशांना चालत नाही.

पण कापलेले पैसे गेले असं नाही. नव्या कररचनेत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत कर शून्य आहे, आणि रिबेटमुळे पगार-फीसारख्या नेहमीच्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंतही. त्यामुळे ते ६ हजार तुमचेच आहेत, फक्त रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. आणि इथे एक चूक बरेच जण करतात. सोपा म्हणून आयटीआर-१ भरतात. त्यात व्यवसायाचं उत्पन्न दाखवताच येत नाही. आयटीआर-४ किंवा ३ लागतो. चारमध्ये ठोक टक्केवारीने उत्पन्न दाखवायची सोय आहे, पण तुमचं काम कुठल्या खान्यात बसतं हे पहिल्या वर्षी एखाद्या सीएला विचारून घ्या. वर्गातल्या कुणाचे ना कुणाचे काका सीए असतातच. जीएसटीची चिंता करू नका, सेवांसाठी ती नोंदणी वर्षाला २० लाखांच्या पुढे.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय. जुन्या १९४सी, १९४जे या कलमांचा विषय आता कलम ३९३ मध्ये आहे, तेव्हा नव्या कागदांवर वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायला विसरू नका, नाहीतर ते भरलंच नाही असं धरलं जातं.

त्याआधी आयकर पोर्टलवर जाऊन २६एएस आणि एआयएस उघडा. एजन्सीने पैसे कापले पण सरकारकडे भरलेच नाहीत, तर ते तिथेच कळतं, आणि तसं असेल तर लगेच मेल करून फॉर्म १६ए मागा. माझ्या एआयएसमध्ये मला न मिळालेल्या एका महिन्याचे पैसे ‘दिले’ म्हणून दिसत होते. तो स्क्रीनशॉट मेलला जोडल्यावर आठव्या दिवशी ते खात्यात आले. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन छोट्या लिपीत आणि त्याला लागून जन्मतारीख, मध्ये मोकळी जागा न सोडता.